गुंड्याची दोरी

"काय बाई, मांजराचा कुत्रा केलात की तुम्ही!"

परवा संध्याकाळी गुंड्याला घेऊन खाली उतरले, तर पार्किंगपाशी बी विंगमधले एक गृहस्थ असं म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. वॉचमनही हसला. मीही हसले. गुंड्या मात्र हसला नाही. अंगात निळं जाकीट, पाठीवर अडकवलेली दोरी, अशा थाटात तो कुंडीमागच्या पालीकडे एकटक बघत बसला होता.

वर आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वर्गात एखाद्या पोरानं आडवा प्रश्न विचारला की "उद्या सांगते" म्हणायचं आणि रात्री पुस्तकं उघडायची, ही जुनी खोड. मांजराला दोरी लावून फिरवणं हे खरंच आजकालचं फॅड आहे का? की याला काही इतिहास आहे? यावेळी 'उद्या' म्हणता म्हणता दोन महिने गेले. पण जे हाती लागलं ते इतकं रंजक आहे की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय शेवटी एक गोष्ट घरच्या मंडळींसाठी आहे. ती ओघात येईलच.

आधी गुंड्याविषयी थोडं. आमच्या नातीनं दोन वर्षांपूर्वी पावसात पार्किंगमध्ये भिजत बसलेलं हे पिल्लू वर आणलं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी कबुतरावर झेप घालताना हा गॅलरीतून खाली गेला आणि नशिबानं तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर अडकला. मागचा पाय मोडला. डॉक्टर म्हणाले, गॅलरीला जाळी लावा, आणि याला बाहेरची इतकी ओढ असेल तर पट्टा घालून खाली न्या. गळ्यातला पट्टा नको, छातीभोवतीचा. कारण मांजराची गळपट्टीची हाडं आपल्यासारखी सांध्यानं जोडलेली नसतात, ती स्नायूंत नुसती तरंगत असतात. त्यामुळे डोकं शिरलं की सगळं मांजर निघून जातं! गळ्यात पट्टा असेल तर एक तर ते त्यातून सुटतं, नाहीतर ओढल्यावर गळा आवळतो. छातीभोवतीच्या पट्ट्यात ताण सगळ्या अंगावर वाटला जातो. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आपली दोन बोटं जातील इतकी जागा ठेवायची.

पहिल्या दिवशी जाकीट घातलं तर गुंड्या एका कुशीवर आडवा पडला तो उठेचना. मला वाटलं गेला की काय. पण मांजरं असंच करतात म्हणे. मग आठवडाभर घरातच, जेवणाच्या वेळेपुरतं जाकीट. मग दोरी नुसती मागे लोंबती. मग जिन्यापर्यंत. मग खाली. आणि एक सांगते, मांजराला 'फिरवणं' हा शब्दच चुकीचा आहे. कुत्रा आपल्याबरोबर चालतो. इथे मांजर बसलं की आपण उभं राहायचं, ते चाललं की आपण चालायचं. अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे पावलं जातो.

आता माझ्याविषयी. गेल्या दिवाळीच्या आधी मला भाजी आणताना चक्कर आली आणि मी रस्त्यात पडले. मनगट मोडलं. तेव्हापासून लेकाचा हुकूम, "आई, एकटी खाली जायचं नाही." सकाळी वीस मिनिटांची माझी फेरी असायची, ती बंद. वाचनालय बंद. कोणी रिकामं असेल तर बरोबर जायचं, आणि आमच्या घरात रिकामं कोणीच नसतं. मी चिडले, रुसले, दोन दिवस बोलले नाही. चुलीपुढे कोणी ऐकत नाही तशातली गत! मग गुंड्याच्या निमित्तानं माझीही सुटका झाली. "याला खाली नेऊन आणते" म्हटलं की कोणी अडवत नाही. तेव्हा दोरीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. कोण कोणाला फिरवतं, हे तुम्हीच ठरवा.

असो. इतिहासाकडे वळू.

आपल्याकडचं बांधलेलं मांजर

बांधलेल्या मांजराची आपल्याकडची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. एका घरी श्राद्ध असलं की दुधातुपात तोंड घालू नये म्हणून मांजर टोपलीखाली झाकून ठेवत. मुलानं लहानपणापासून ते पाहिलं. बाप गेला, मुलगा मोठा झाला, घरात मांजर उरलं नाही. मग वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी हा गावभर मांजर शोधत फिरला, कारण टोपलीखाली मांजर झाकल्याशिवाय श्राद्ध होतं कसं! हीच गोष्ट गुरू, शिष्य आणि खांबाला बांधलेलं मांजर अशीही सांगतात. रूढी कशी तयार होते हे शिकवायला मी ती वर्गात दरवर्षी सांगत असे. पण इतक्या वर्षांत मांजराच्या बाजूनं मी तिचा एकदाही विचार केला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे मांजर बांधत ते काही वेळापुरतं, आणि ते चोर म्हणून. एरवी मांजर मोकळंच. पिल्लांना सात घरं फिरवून आणणारं, कोणाचंच नसलेलं आणि सगळ्यांचं असलेलं.

मौल्यवान म्हणून मांजर बांधणारे लोक वेगळे.

इजिप्तमध्ये थीब्ज इथल्या थडग्यांत भिंतींवर चित्रं आहेत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. घरची बाई खुर्चीवर बसलेली असते आणि खुर्चीखाली तिचं मांजर. नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यातलं मांजर मासा खातंय. ते मोकळं आहे. पण मे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात खुर्चीखालचं मांजर खुर्चीच्या पायाला दोरीनं बांधलेलं आहे. माझ्या माहितीत बांधलेल्या मांजराच्या इतक्या जुन्या चित्रांपैकी हे एक. माणसाच्या घरात मांजर येऊन तेव्हा काही हजार वर्षं झाली होती. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. २००४ साली ही बातमी जगभर गाजली होती.

पण दोरीचा खरा इतिहास जपानात आहे.

बादशहाचं काळं मांजर

आमच्या नातीनं पुण्यात जपानी भाषेचे वर्ग केले, परीक्षाही दिल्या. बी विंगच्या गृहस्थांचं बोलणं मी जेवताना सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, गेंजीमधलं मांजर दोरीला बांधलेलंच होतं की!" तिथून आमची शोधाशोध सुरू झाली. इंग्रजी भाषांतरं ती वाचून दाखवी आणि मी वहीत टिपणं काढी.

जपानात मांजर मूळचं नव्हे. हाडं सापडली आहेत ती दोन हजार वर्षांपूर्वीची, इकी बेटावरची. पण दरबारात कौतुक होतं ते चीनमधून आलेल्या मांजरांचं. बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या उंदरांपासून वाचवायला जहाजावर मांजरं आणली, असं परंपरेनं सांगतात. इ.स. ८८९ मध्ये उदा या तरुण बादशहानं आपल्या रोजनिशीत आपल्या मांजराविषयी लिहून ठेवलं. (आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूट राज्य करत होते.) दुसरी मांजरं फिकट रंगाची, हे मात्र शाईसारखं काळंभोर. त्याच्या वडिलांनी त्याला दिलेलं. रोज सकाळी त्याला दुधाची पेज. बादशहा लिहितो ते एखाद्या आजोबांनी नातवाचं कौतुक लिहावं तसं आहे, आणि वय होतं बाविशीच्या आसपास!

पुढे शंभर वर्षांनी इचिजो बादशहानं तर कमालच केली. ९९९ साली राजवाड्यात मांजरीला पिल्लं झाली, तेव्हा माणसाच्या बाळाची करतात तशी जन्मानंतरची विधिवत मेजवानी झाली. मोठमोठे मंत्री हजर. सानेसुके नावाच्या दरबाऱ्यानं हे रोजनिशीत टिपून ठेवलंय, आणि लोक हसले असंही लिहिलंय. बी विंग तेव्हाही होती म्हणायची.

याच बादशहाच्या एका मांजरीला दरबारातला पाचवा दर्जा होता. म्हणजे ती सरदारीणच. तिला सांभाळायला एक दाई. ही हकीकत सेई शोनागोन या दरबारी बाईंनी लिहून ठेवली आहे. मांजरी व्हरांड्यात उन्हात झोपली होती. दाईनं "आत ये" म्हटलं, ती येईना. दाईनं थट्टेनं ओकिनामारो नावाच्या कुत्र्याला छू केलं. तो बिचारा खरंच धावला. मांजरी पडद्याआड पळाली. बादशहानं तिला अंगरख्यात घेतलं, आणि कुत्र्याला मार देऊन हद्दपार केलं. कुत्रा पुढे सुजलेल्या अंगानं परत आला, ती गोष्ट वाचताना डोळ्यांत पाणी येतं. याच शोनागोन बाई देखण्या गोष्टींची यादी करताना लिहितात की गळ्यात लाल पट्टा, त्याला पांढरी चिठ्ठी, आणि लांब दोरी मागे ओढत कठड्याजवळून चालणारं मांजर फार डौलदार दिसतं. हजार वर्षांपूर्वीचा लाल पट्टा! आमचा निळा आहे एवढाच फरक.

एका दोरीनं झालेला अनर्थ

आता गेंजीची गोष्ट. मुरासाकी शिकिबु या बाईंनी ही प्रचंड कादंबरी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे पावणेतीनशे वर्षं आधी.

त्या काळच्या दरबारी बायका परपुरुषाच्या नजरेस पडत नसत. पडदे, झडपा, बांबूच्या चिका, यांच्या आड आयुष्य. गेंजी चाळिशीत आला असताना त्याचं एका अगदी कोवळ्या राजकन्येशी लग्न होतं. ती तिसरी राजकन्या म्हणूनच ओळखली जाते. वसंतात एक दिवस गेंजीच्या वाड्यात तरुण मंडळी पायानं चेंडू उडवण्याचा खेळ खेळत असतात. त्यांत काशिवागी नावाचा एक तरुण. त्याचं या राजकन्येवर आधीपासून मन होतं.

एवढ्यात चिकेआडून एक छोटंसं चिनी मांजर बाहेर उसळतं, त्याच्या मागे दुसरं मोठं मांजर. छोटं अजून माणसाळलेलं नसल्यामुळे त्याला लांब दोरी बांधलेली. ते घाबरून पळतं, दोरी कशात तरी गुंतते, ते सुटायला ओढ घेतं, आणि चिकेची एक कड वर उचलली जाते. आत राजकन्या उभी! काशिवागीला ती दिसते. क्षणभरच. दासींच्या लक्षात येऊन चीक खाली करेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं.

काशिवागी त्या मांजराला जवळ घेतो. पुढे युक्तीनं, युवराजाच्या मध्यस्थीनं, तेच मांजर मिळवतो आणि रात्री कुशीत घेऊन झोपतो. काही वर्षांनी तो राजकन्येपर्यंत पोचतोच. तिला त्याच्यापासून मूल होतं. गेंजीला पत्र सापडतं. काशिवागी खंगून मरतो, राजकन्या केस कापून संन्यासिनी होते. कादंबरीचा पुढचा सगळा भाग त्या मुलाचा आहे. हे सगळं कशामुळे, तर एका पिल्लाला बांधलेल्या दोरीमुळे. पुढे शतकानुशतकं चित्रकारांना हा प्रसंग पुरला. अठराव्या शतकात सुझुकी हारुनोबुनं तो आपल्या काळच्या बायकांच्या वेषात रंगवला. हातात दोरी, दोरीच्या टोकाला मांजर, एवढं दिसलं की बघणाऱ्यानं ओळखावं, ही तिसरी राजकन्या.

ही गोष्ट ऐकताना मी नातीला मध्येच थांबवलं. म्हटलं, "अगं, या गोष्टीत दोन जणांना बांधलंय. एक मांजर, आणि एक ती पोरगी. मांजराची दोरी दिसते, तिची दिसत नाही." नात म्हणाली, "आजी, हे लिही." म्हणून लिहिलं.

सरकारी हुकूम: मांजरं सोडा

मांजरं बांधायची ही पद्धत शेकडो वर्षं चालली. श्रीमंतांची मांजरं दोरीला, आणि धान्यात उंदीर. शेवटी १६०२ साली क्योतो शहरात चौकात फलक लागला. हुकूम असा की शहरातल्या मांजरांच्या दोऱ्या सोडा, त्यांना मोकळं करा, आणि मांजरांची खरेदी-विक्री बंद करा. मोडेल त्याला शिक्षा. तेव्हा तोकुगावा इएयासुचा अंमल बसत होता, तो पुढच्याच वर्षी शोगुन झाला. इकडे मुघलांच्या गादीवर अकबर होता आणि दख्खनेत मलिक अंबर निजामशाही सावरत होता. मला या गोष्टीची फार गंमत वाटली. जगात राजेलोक माणसांना बांधायचे हुकूम काढत होते, आणि एका शहरात मांजरं सोडायचा हुकूम निघाला!

यावर तिकडे एक गोष्टही रचली गेली. तिचं नाव 'नेको नो सोशी', म्हणजे मांजराची कथा. मांजरं सुटल्यानं हवालदिल झालेले उंदीर एका साधूच्या स्वप्नात येऊन गाऱ्हाणं घालतात. मग मांजरही स्वप्नात येतं आणि आपली बाजू मांडतं. ते म्हणतं, आम्ही भारतात आणि चीनमध्ये ज्याला सगळे भितात त्या वाघाचे वंशज. जपान देश लहान, म्हणून आम्ही आकारानं लहान. वाचून मला टाळी वाजवावीशी वाटली. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो, त्यांनी वंशज केलं. नातं लागतंच.

पण गोष्टी गोष्टीच. त्याच वर्षी क्योतोमधल्या एका दरबारी उमरावानं आपल्या रोजनिशीत काय घडलं ते लिहून ठेवलंय. मांजरं सोडल्यावर कित्येक हरवली, आणि कित्येक कुत्र्यांनी फाडली.

इथे मी वही मिटली. दोन दिवस पुढचं काही वाचलं नाही. का, ते सांगते. पण आधी इतिहास संपवून टाकते, म्हणजे मोकळेपणानं लिहिता येईल.

पक्ष्यांची बाजू

क्योतोमध्ये उंदरांसाठी मांजर सोडलं. साडेतीनशे वर्षांनी अमेरिकेत पक्ष्यांसाठी मांजर बांधायची वेळ आली. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळानं १९४९ साली एक विधेयक मंजूर केलं. मांजर मालकाच्या आवाराबाहेर मोकळं दिसलं तर मालकाला दंड, आणि असं मांजर कोणीही पकडावं. हेतू चांगला होता, किडे खाणारे पक्षी वाचावेत. पण गव्हर्नर अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी २३ एप्रिल १९४९ रोजी ते नामंजूर करून परत पाठवलं. हेच स्टीव्हन्सन पुढे १९५२ आणि १९५६ साली आयझेनहॉवर यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. त्यांनी विधेयक परत पाठवताना लिहिलेलं पत्र म्हणजे सरकारी कागद किती खेळकर असू शकतो याचा नमुना आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की थोडंफार एकटं भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे. मांजर आणि पक्षी यांच्या भांडणात सरकार पडलं तर उद्या कुत्रा आणि मांजर, परवा पक्षी आणि किडा यांच्यातही पडावं लागेल. आणि एक फार मार्मिक मुद्दा त्यांनी मांडला. दोरी लावून हिंडवणं मांजराच्या स्वभावात बसत नाही, आणि रात्रीच्या धोक्यात त्याला एकटं सोडणं मालकाच्या स्वभावात बसत नाही.

या एका मुद्द्यात सगळं आलं असं मला वाटतं. गव्हर्नरसाहेबांनी त्यावर उपाय मात्र सांगितला नाही. कोणालाच तो सापडलेला नाही.

पुढे पारडं पुन्हा फिरलं. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या भागात, कॅनबेरात, १ जुलै २०२२ नंतर जन्मलेली मांजरं घरातच किंवा आवारातच ठेवायची असा नियम झाला. बाहेर न्यायचं तर दोरीला लावून. त्याच वर्षी जर्मनीतल्या वाल्डॉर्फ या गावात चंडोलाच्या घरट्यांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, गावाच्या एका भागातली मांजरं घरात ठेवायचा हुकूम निघाला. दोरीला लावून नेली तर चालेल, दोरी दोन मीटरहून लांब नको. डोक्यावर तुरा असलेला हा चंडोल जमिनीवर घरटं करतो. पिल्लांना उडता येईपर्यंत ती मांजराच्या तोंडचा घासच. आपल्या माळरानावरही चंडोलाचे भाऊबंद दिसतात. गुंड्या बुलबुलाकडे बघून दात वाजवतो तेव्हा मलाही वाटतं, दोरी आहे ते बरंय.

म्हणजे बघा, इजिप्तमध्ये आणि जपानात मांजर मौल्यवान म्हणून बांधलं, आपल्याकडे दुधातुपाच्या भीतीनं झाकलं, क्योतोमध्ये उंदरांपायी सोडलं, आणि आता पक्ष्यांपायी पुन्हा बांधलं. प्रत्येक वेळी निर्णय माणसाच्या भीतीनं किंवा गरजेनं झाला. मांजराला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं पाठ फिरवून अंग चाटलं असतं, हा भाग वेगळा.

मनीची गोष्ट

आता घरच्यांसाठी. आपल्यापैकी थोरांना मनी आठवत असेल. वाईला आम्ही भाड्यानं वाड्यात राहत होतो तेव्हाची तपकिरी-पांढरी मनी. १९८८ चा पावसाळा. लेक तेव्हा नऊ वर्षांचा. मनी त्याच्याच अंथरुणात झोपायची आणि मध्यरात्री दार खाजवून बाहेर जायला मागायची. मी उठून कडी काढत असे. कधी दुसरा विचारही मनात आला नाही. मांजर ते, फिरणारच. आमच्या आजीनं, आईनं कधी मांजर कोंडलं नव्हतं.

एका रात्री मी तिला सोडलं आणि ती परत आली नाही. पहाटे पाणी भरायला उठले तर वाड्याच्या मागच्या बोळात ती पडलेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांनी... जास्त लिहीत नाही. पोरं उठायच्या आत मी तिला परसात नेली आणि एकटीनं खड्डा करून पुरली. सकाळी लेकानं विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, मांजरं सात घरं फिरतात. दुसऱ्या घरी गेली असेल." यानं दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी पायरीवर वाटीत दूध ठेवलं. सकाळी ते कोणीतरी प्यायलेलं असे आणि हा खूश होई, की मनी येऊन गेली.

ही गोष्ट मी छत्तीसहून अधिक वर्षं कोणालाही सांगितली नाही. यांनाही नाही, आणि आता हे राहिले नाहीत. क्योतोची ती नोंद वाचली आणि वही मिटली ती म्हणूनच. त्या उमरावाच्या गल्लीत कोणीतरी असेलच ना, हुकूम म्हणून आपल्या हातानं दोरी सोडणारं? त्याला सकाळी काय वाटलं असेल? रोजनिशीत ते नाही. इतिहासात अशा गोष्टी बहुतेक राहूनच जातात.

हा लेख लिहिण्याआधी मी लेकाला बसवून सगळं सांगितलं. पोटात गोळा आला होता. पन्नाशीकडे झुकलेला माणूस तो, हसेल किंवा चिडेल असं वाटलं. दोन्ही झालं नाही. बराच वेळ गप्प बसला. मग एवढंच विचारलं, "कुठे पुरलीस?"

"पारिजातकाखाली," म्हटलं. "विहिरीच्या बाजूच्या."

"बरं," म्हणाला, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गुंड्याला जाकीट घालत होते, तर हा कामावरून लवकर आलेला. "चल, मी येतो," म्हणाला. दोरी त्यानं हातात घेतली आणि पहिल्याच मिनिटाला ओढली. गुंड्या जमिनीला चिकटून बसला. मी म्हटलं, "ओढायची नाही रे. सैल सोड, आणि तो जाईल तिकडे जा." मग आम्ही तिघं गेटपर्यंत गेलो. तिथे पंधरा मिनिटं एका मुंगळ्याकडे बघण्यात गेली. परतताना तो म्हणाला, "आई, सकाळी तू जात जा फिरायला. फोन खिशात ठेव. आणि मोठा रस्ता ओलांडू नकोस."

मी हो म्हणाले. मोठा रस्ता ओलांडल्याशिवाय वाचनालय येत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. त्याचं पुढे बघू. यावर आमची बोलणी चालू आहेत. पण एक कबूल करते, आधी या हुकमाचा जेवढा राग यायचा तेवढा आता येत नाही. मध्यरात्री कडी काढणारा हात माझा होता. पायरीवर वाटी ठेवणाऱ्या पोराच्या मनात काय बसलं असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

बी विंगच्या गृहस्थांना काल लिफ्टमध्ये इचिजो बादशहाच्या मांजरीची हकीकत सांगितली. पाचवा दर्जा, दाई, सगळं. ते म्हणाले, "मग तुमच्या बोक्याला कोणता दर्जा?" म्हटलं, अजून ठरायचंय. तुमच्याकडे मांजर असेल, दोरीचं किंवा बिनदोरीचं, तर त्याची गोष्ट जरूर कळवा. विशेषतः ज्यांनी वाईचा वाडा पाहिलाय त्यांनी, मनीचा एखादा फोटो कोणाकडे असेल तर पाठवा. लेकानं मागितलाय.

थांबते आता. सहा वाजत आले, आणि गुंड्या दाराशी जाकिटावरच जाऊन बसलाय.